इंग्लिश कंट्री हाउसविषयक सचित्र ग्रंथ आणि कथासाहित्य

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील उमराव व जमीनदार घराण्यांच्या निवासवास्तूंना कंट्री हाउस म्हणतात. या वास्तूंची चित्रे, आराखडे किंवा छायाचित्रे वर्णनासह देणाऱ्या ग्रंथांची परंपरा इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभापासून आढळते. हे ग्रंथ स्थापत्याच्या इतिहासाची साधने आहेतच. परंतु इंग्लिश कथासाहित्यातही त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. काही कादंबऱ्यांत ते लेखकाच्या वर्णनामागील आधार म्हणून असतात, तर काहींत एखादे पात्र असा ग्रंथ वाचते, विकत घेते किंवा स्वतः तयार करते. जेन ऑस्टेन, आर्थर कॉनन डॉयल, व्हर्जिनिया वुल्फ, ईव्हलिन वॉ, काझुओ इशिगुरो आणि इयन मॅक्युअन यांच्या कादंबऱ्यांत असे संदर्भ आढळतात. ग्रंथातील चित्र घर जसे दिसावे असे मालकाला वाटे तसे दाखवते. कादंबरी बहुधा त्या चित्राबाहेर राहिलेल्या गोष्टी सांगते. या दोहोंमधील अंतर हा या विषयाचा गाभा आहे.

संज्ञा

कंट्री हाउस म्हणजे खेड्यातील कोणतेही घर नव्हे. मोठा जमीनजुमला, त्यावर कसणारी कुळे, त्यांच्याकडून येणारा खंड आणि या साऱ्याच्या केंद्रस्थानी मालकाचे निवासस्थान अशी ही व्यवस्था होती. अनेक कुटुंबांचे लंडनमध्ये दुसरे घर असे आणि वर्षाचा काही काळ ती तेथे राहत.

मराठीत वाडा, गढी किंवा हवेली हे शब्द जवळचे वाटले तरी ते तंतोतंत लागू पडत नाहीत. वाडा सामान्यतः वस्तीत, चौकांभोवती बांधलेला असतो. गढीची रचना संरक्षणाच्या गरजेतून झालेली असते. कंट्री हाउस मात्र विस्तीर्ण राखीव कुरणांच्या आणि बागांच्या मधोमध, दुरून दिसावे अशा बेताने उभारलेले असते. म्हणून या लेखात मूळ संज्ञाच वापरली आहे.

या वास्तूंच्या नावांतही त्यांचा इतिहास दडलेला असतो. ‘अ‍ॅबी’ हे नाव बहुधा आठव्या हेन्रीच्या काळात बरखास्त झालेल्या ख्रिस्ती मठाच्या जागी उभ्या राहिलेल्या घराला असते. ‘हॉल’, ‘कोर्ट’, ‘पार्क’, ‘प्लेस’ आणि ‘कासल’ हीदेखील अशा घरांची प्रचलित नावे आहेत. कादंबरीकारांनी आपल्या काल्पनिक वास्तूंची नावे याच धर्तीवर ठेवली आहेत.

सचित्र ग्रंथांची परंपरा

कोरीव चित्रांचा काळ

लेओनार्ड क्निफ यांनी रेखाटलेल्या आणि योहानेस किप यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांचा ‘ब्रिटानिया इलुस्ट्राटा’ हा संग्रह १७०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वास्तू आकाशातून पाहिल्याप्रमाणे दाखवल्या आहेत. घर, तबेले, भाजीपाल्याचे मळे, झाडांच्या सरळ रांगा आणि दूरवर पसरलेली शेते एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. त्या काळी अशा उंचीवरून कोणालाही पाहता येणे शक्य नव्हते. मालकी किती दूरवर पोहोचते हे दाखवण्यासाठी चित्रकाराने कल्पनेने साधलेले ते विहंगम दृश्य होते.

कोलेन कॅम्पबेल यांच्या ‘विट्रुव्हियस ब्रिटानिकस’ या ग्रंथाचे तीन खंड १७१५, १७१७ आणि १७२५ मध्ये निघाले. यात दृश्यांऐवजी तलविन्यास आणि दर्शनी आराखडे यांना प्राधान्य आहे. यॉर्कशरमधील कासल हॉवर्ड या वास्तूचा त्यात समावेश आहे. कॅम्पबेल यांनी या ग्रंथात प्रत्यक्ष न बांधलेले स्वतःचे काही आराखडेही घातले होते. त्यामुळे ग्रंथात चित्र आहे म्हणून ती वास्तू अस्तित्वात होतीच असे म्हणता येत नाही.

याच शतकात घरे व बागा पाहण्यासाठी प्रवास करण्याची प्रथा सुशिक्षित वर्गात रूढ झाली. बकिंगहॅमशरमधील स्टो येथील बागांचे वर्णन करणारी बेंटन सीली यांची पुस्तिका १७४४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवासी हातात पुस्तिका घेऊन हिंडू लागले आणि पुढे याच प्रवासी वर्गातून कादंबरीचा वाचक आला.

रेप्टन यांची लाल पुस्तके

उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) प्रत्येक ग्राहकासाठी एक हस्तलिखित पुस्तिका तयार करीत. तांबड्या चामड्याच्या बांधणीमुळे या पुस्तिकांना ‘रेड बुक’ असे नाव पडले. तिच्यातील जलरंगचित्रांवर कागदाची उचलता येणारी झडप असे. झडप खाली असताना परिसराची सद्यःस्थिती दिसे. ती उचलली की सुधारणेनंतरचे दृश्य दिसे. वास्तूविषयीची ही पुस्तके एका अर्थाने भविष्यकाळाची चित्रे होती.

शिलामुद्रण आणि रंगीत छपाई

जोसेफ नॅश यांच्या ‘द मॅन्शन्स ऑफ इंग्लंड इन द ओल्डन टाइम’ या ग्रंथाचे चार खंड १८३९ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झाले. शिळेवरून छापलेल्या या चित्रांत जुन्या दालनांतून सोळाव्या-सतराव्या शतकांतील पोशाख केलेली माणसे वावरताना दिसतात. कोठे मेजवानी चालली आहे, कोठे मुले खेळत आहेत. वास्तू खऱ्या असल्या तरी त्यांतील प्रसंग कल्पित आहेत. या दृष्टीने नॅश यांचा ग्रंथ ऐतिहासिक कादंबरीचा सख्खा शेजारी ठरतो.

१८६० च्या दशकापासून फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस यांच्या संपादनाखाली उमरावांच्या निवासस्थानांची रंगीत चित्रमाला निघू लागली. तिची छपाई यॉर्कशरमधील ड्रिफील्ड या लहान गावी बेंजामिन फॉसेट यांनी लाकडी ठशांवरून केली. हिरवळ, स्वच्छ आकाश आणि मधोमध घर ही या चित्रांची ठरलेली मांडणी होती.

छायाचित्रे आणि संशोधन

एडवर्ड हडसन यांनी १८९७ मध्ये ‘कंट्री लाइफ’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यातील चार्ल्स लेथम यांच्या छायाचित्रांवर आधारित ‘इन इंग्लिश होम्स’ या ग्रंथाचे खंड विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाले. पुढे एच. एव्हरी टिपिंग आणि क्रिस्टोफर हसी यांनी ही परंपरा अभ्यासपूर्ण केली. या छायाचित्रांत सहसा माणसे नसतात. झळाळणारी जमीन, नेमक्या जागी ठेवलेल्या खुर्च्या आणि निर्मनुष्य दालने असे त्यांचे स्वरूप आहे.

१९५१ ते १९७४ या काळात निकोलाउस पेव्हस्नर यांनी ‘द बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड’ ही ४६ खंडांची मालिका पूर्ण केली. तिच्यातील वास्तूंवरचे नेमके आणि प्रसंगी कठोर अभिप्राय प्रसिद्ध आहेत. मार्क जिरोआर्ड यांच्या ‘लाइफ इन द इंग्लिश कंट्री हाउस’ (१९७८) या ग्रंथाने विषयाला नवे वळण दिले. घर कोणत्या शैलीत बांधले यापेक्षा त्यात लोक कसे राहत, नोकर कोणत्या जिन्याने जात, पाहुण्याला किती दालने ओलांडल्यावर यजमान भेटे, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि तलविन्यासाच्या आधारे त्यांची उत्तरे दिली.

कथासाहित्यातील संदर्भ

जेन ऑस्टेन

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत एलिझाबेथ बेनेट मामा-मामींबरोबर डर्बीशरच्या प्रवासाला जाते आणि पर्यटक म्हणून पेंबर्ली हे डार्सीचे घर पाहते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे घराची कारभारीण पाहुण्यांना दालने दाखवते. ब्लेनिम, वॉरिक अशी वाटेतील प्रसिद्ध स्थळे सर्वांना परिचित असल्याने त्यांचे वर्णन करण्याचे कारण नाही, असे निवेदिका सूचित करते. स्थळवर्णनाची पुस्तके वाचकाच्या घरी आहेतच, हे त्यामागील गृहीत आहे. पेंबर्लीचे पहिले दर्शन मात्र सविस्तर येते. समोर ओढा, पलीकडे चढावर घर आणि मागे झाडीने भरलेल्या टेकड्या ही मांडणी तत्कालीन दृश्यसंग्रहातील चित्राशी जुळते. तथापि एलिझाबेथचे मत बदलण्यास केवळ हे दृश्य कारण होत नाही. कारभारणीने मालकाच्या स्वभावाची दिलेली ग्वाही तितकीच मोलाची ठरते, आणि अशी ग्वाही कोणत्याही चित्रसंग्रहात मिळत नाही.

‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) मध्ये रेप्टन यांचा नावानिशी उल्लेख आहे. रशवर्थ या श्रीमंत पण मंदबुद्धी जमीनदाराला आपल्या सॉदर्टन या घराचा परिसर सुधारायचा आहे आणि रेप्टन रोजचे पाच गिनी घेतात, अशी चर्चा भोजनाच्या वेळी होते. सुधारणेसाठी जुन्या झाडांची रांग तोडावी लागेल हे ऐकून फॅनी प्राइस व्यथित होते. कादंबरीत लाल पुस्तिका प्रत्यक्ष येत नाही. परंतु झडप उचलताच जुने नाहीसे व्हावे ही तिच्यामागील वृत्ती या प्रसंगात दिसते. ऑस्टेन यांना या कामाची माहिती घरातूनच होती. त्यांच्या आईचे नातलग टॉमस ली यांनी रेप्टन यांच्याकडून काम करून घेतले होते. लीकडे वारशाने आलेल्या स्टोनली अ‍ॅबी या वास्तूत ऑस्टेन १८०६ मध्ये गेल्या होत्या आणि १८०९ मध्ये रेप्टन यांनी तिच्यासाठी लाल पुस्तिका तयार केली.

आर्थर कॉनन डॉयल

‘द व्हॅली ऑफ फिअर’ ही शेरलॉक होम्सची कादंबरी १९१४-१५ मध्ये ‘स्ट्रँड मॅगझिन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. बर्लस्टोन मॅनर या खंदकाने वेढलेल्या जुन्या घरात खून झालेला असतो. तपास चालू असताना होम्स गावच्या तंबाखूच्या दुकानातून एक पेनीला विकत घेतलेली स्थानिक इतिहासाची पुस्तिका काढतो. तिच्यावर त्या घराचे ओबडधोबड कोरीव चित्र असते. पोलीस अधिकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. यादवी युद्धाच्या काळात चार्ल्स राजा या घरात काही दिवस लपून राहिला होता, अशी नोंद त्या पुस्तिकेत असते. राजा लपला होता तर लपण्याची जागाही असली पाहिजे, असा तर्क होम्स करतो आणि मृत समजला गेलेला घरमालक तेथूनच जिवंत बाहेर येतो.

सचित्र पुस्तिका येथे शब्दशः रहस्याची किल्ली आहे. उंची ग्रंथांतील दर्शनी आराखड्यांपेक्षा एक पेनीच्या पुस्तिकेतील स्थानिक आख्यायिका उपयोगी पडते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. बर्लस्टोनची कल्पना केंटमधील ग्रूमब्रिज प्लेस या वास्तूवरून घेतली आहे.

व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि व्हर्जिनिया वुल्फ

केंटमधील नोल ही प्रचंड वास्तू सॅकव्हिल घराण्याची होती. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट तेथे जन्मल्या व वाढल्या; पण स्त्री असल्यामुळे वारसा त्यांना मिळणे शक्य नव्हते. त्यांनी ‘नोल अँड द सॅकव्हिल्स’ (१९२२) या ग्रंथात घराचा आणि घराण्याचा इतिहास लिहिला. १९२८ मध्ये वडिलांच्या निधनानंतर नोल त्यांच्या चुलत्याकडे गेले.

त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘ऑर्लँडो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक शतकानुशतके जगतो आणि मध्येच स्त्री होतो. त्याच्या घराचे वर्णन नोलवरून केलेले आहे. चरित्रग्रंथाचे सोंग घेणाऱ्या या कादंबरीत चित्रे आणि शब्दसूचीही आहे. काही चित्रे नोलमधील जुन्या व्यक्तिचित्रांची आहेत, तर काही स्वतः व्हिटा यांची छायाचित्रे आहेत. घराण्याच्या सचित्र इतिहासाची सारी सामग्री वुल्फ यांनी कादंबरीत आणली आणि कायद्याने नाकारलेले घर व्हिटा यांना कल्पनेत परत मिळवून दिले. संदर्भग्रंथ आणि कादंबरी यांची सीमारेषा येथे जवळजवळ पुसली जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, व्हिटा यांचे ‘इंग्लिश कंट्री हाउसेस’ हे छोटेखानी पुस्तक ‘ब्रिटन इन पिक्चर्स’ या मालिकेत निघाले.

ईव्हलिन वॉ

‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ (१९३४) या कादंबरीतील टोनी लास्ट याचे हेटन अ‍ॅबी या आपल्या घरावर निस्सीम प्रेम आहे. परगण्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मात्र हे घर १८६४ मध्ये गॉथिक शैलीत पूर्णपणे नव्याने बांधल्यामुळे आता पाहण्यासारखे राहिले नाही, अशी नोंद आहे. टोनीचे सारे आयुष्य ज्या वास्तूभोवती फिरते तिला पुस्तिका एका वाक्यात निकालात काढते. त्याची शोकांतिका तेथूनच सुरू होते.

‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९४५) मध्ये सचित्र ग्रंथ कथेच्या अधिकच केंद्रस्थानी येतो. निवेदक चार्ल्स रायडर हा वास्तुचित्रकार आहे. मार्चमेन कुटुंबाचे लंडनमधील घर पाडले जाण्यापूर्वी त्याची चित्रे काढण्याच्या कामातून त्याची कारकीर्द सुरू होते. पुढे देशभरातील मालक घर सोडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्याला बोलावू लागतात. लिलाव पुकारणाऱ्याच्या काही पावलेच पुढे आपण चाललो आहोत, असे त्याला जाणवते. त्याच्या चित्रांचे ‘रायडर्स कंट्री सीट्स’ आणि ‘रायडर्स इंग्लिश होम्स’ असे देखणे संग्रह प्रत्येकी पाच गिनींना विकले जातात. घरे नाहीशी होतात आणि घरांची पुस्तके खपतात, या विसंगतीवर वॉ यांनी बोट ठेवले आहे. रायडरचा जुना मित्र अँथनी ब्लांश त्याच्या चित्रांतील गोड मोहकतेवर कठोर टीका करतो. ती टीका एकट्या रायडरला नव्हे, तर घरांचे केवळ लोभस रूप दाखवणाऱ्या साऱ्या सचित्र ग्रंथांना लागू पडते.

सुधारित आवृत्तीच्या १९५९ मधील प्रस्तावनेत वॉ यांनी आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले. ही घरे नामशेष होणार असे समजून त्यांनी कादंबरी लिहिली होती. प्रत्यक्षात उरलेल्या घरांविषयी लोकांत मोठे आकर्षण निर्माण झाले. ब्राइड्सहेडमागे वूस्टरशरमधील मॅड्रसफील्ड कोर्ट आणि तेथील लिगन कुटुंब यांची प्रेरणा मानली जाते. १९८१ च्या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण कासल हॉवर्ड येथे झाल्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात मात्र तीच वास्तू ठसली आहे.

डॅफ्नी द्यू मोरिए

‘रिबेका’ (१९३८) मध्ये ग्रंथाऐवजी चित्र असलेले पोस्टकार्ड येते. निवेदिकेने लहानपणी सुट्टीत एका खेड्यातील दुकानातून एका घराचे भडक रंगांतील चित्र विकत घेतलेले असते. ते मँडर्ली असल्याचे दुकानदार स्त्री तिला सांगते. पुढे ती त्याच घरात मालकीण म्हणून जाते, तरी पाहुण्याचे बुजरेपण तिला सुटत नाही. घराचे चित्र विकत घेता येते, घरातील स्थान मिळवावे लागते, हा कादंबरीचा ताण त्या छोट्या आठवणीत सामावलेला आहे.

काझुओ इशिगुरो

‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीचा निवेदक स्टीव्हन्स हा डार्लिंग्टन हॉलमधील वयस्क बटलर आहे. १९५६ मध्ये तो मालकाची मोटार घेऊन पश्चिमेकडे निघतो. निघण्यापूर्वी तो मिसेस जेन सायमन्स यांचा ‘द वंडर ऑफ इंग्लंड’ हा ग्रंथ चाळतो. सात खंडांचा, छायाचित्रे आणि रेखाचित्रे असलेला हा ग्रंथ इशिगुरो यांनी कल्पिलेला आहे. एकेक खंड एकेका प्रदेशाला वाहिलेला आहे. लेखिका १९३० च्या दशकात डार्लिंग्टन हॉलमध्ये पाहुणी म्हणून येत असे, असेही स्टीव्हन्स सांगतो.

अशा ग्रंथांची खरी परंपरा त्याच दशकात बहरली होती. ‘शेल गाइड्स’ ही मालिका १९३४ मध्ये सुरू झाली आणि आर्थर मी यांची ‘द किंग्ज इंग्लंड’ ही मालिका १९३६ पासून निघू लागली. स्टीव्हन्सने सारे आयुष्य एका थोर घरात काढले, पण देश पाहिला तो ग्रंथालयातील खंडांतून. ज्या घरात अशा लेखिकेचे स्वागत होत होते, त्याच घरात मालक नाझी जर्मनीला अनुकूल असे राजकारण करीत होता. सचित्र ग्रंथातील शांत इंग्लंड आणि बंद दरवाजाआड चाललेल्या त्या बैठका यांतील विरोध बटलरला फार उशिरा उमगतो.

टॉम स्टॉपर्ड आणि इयन मॅक्युअन

टॉम स्टॉपर्ड यांचे ‘आर्केडिया’ (१९९३) हे नाटक असले तरी या विषयात त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. सिडली पार्क या काल्पनिक वास्तूत १८०९ मध्ये नोक्स नावाचा उद्यानरचनाकार रेप्टन यांच्यासारखीच आधीची व नंतरची दृश्ये दाखवणारी चित्रवही आणतो. घरातील हुशार मुलगी टोमसिना गंमत म्हणून तिच्यातील पर्णकुटीजवळ एक बैरागी रेखाटते. जवळजवळ दोनशे वर्षांनी एक अभ्यासिका ते चित्र बैराग्याच्या अस्तित्वाचा अस्सल पुरावा समजते. चित्र जुने आहे म्हणून ते खरे असतेच असे नाही, हा धडा स्टॉपर्ड विनोदातून देतात.

मॅक्युअन यांच्या ‘अ‍ॅटोनमेंट’ (२००१) या कादंबरीचा पहिला भाग १९३५ मधील एका दिवसात घडतो. टॅलिस कुटुंबाचे घर भडक विटांचे आणि बोजड गॉथिक थाटाचे आहे. पुढे पेव्हस्नर किंवा त्यांचे सहकारी या घराला नावे ठेवतील, असे निवेदनातच सांगितले जाते. पेव्हस्नर यांची मालिका १९५१ मध्ये सुरू झाली. म्हणजे हा संदर्भ १९३५ च्या दृष्टीने भविष्यातील आहे. ही कथा फार नंतरच्या काळातून कोणीतरी लिहीत आहे, याची ती सूक्ष्म सूचना ठरते. शेवटी हेच घर हॉटेल झालेले दिसते.

चित्रांबाहेर राहिलेल्या गोष्टी

दृश्यसंग्रह बहुधा वर्गणीदारांच्या पैशावर निघत आणि वर्गणीदारांत घरमालकांचा भरणा असे. त्यामुळे चित्रांत स्वयंपाकघर, धुलाईची जागा किंवा नोकरांच्या खोल्या क्वचितच येतात. कादंबरीने ही उणीव वेळोवेळी भरून काढली. स्टीव्हन्स हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. जो बेकर यांच्या ‘लाँगबोर्न’ (२०१३) या कादंबरीत ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची कथा बेनेट कुटुंबाच्या नोकरांच्या बाजूने सांगितली आहे.

दुसरा अदृश्य विषय संपत्तीच्या उगमाचा आहे. ‘मॅन्सफील्ड पार्क’चे मालक सर टॉमस यांना आपल्या मालमत्तेच्या कामासाठी वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावर जावे लागते. फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, तेव्हा घरातील मंडळी गप्प राहतात. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) मध्ये यॉर्कशरमधील घराची शांतता भंग करणारा हिरा श्रीरंगपट्टणच्या लुटीतून आलेला असतो. इतिहासलेखनाने या प्रश्नाला पुष्कळ उशिरा हात घातला. ब्रिटनमधील नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचे वसाहतवाद आणि गुलामगिरी यांच्याशी असलेले संबंध नोंदवले. या अहवालावरून मोठा वाद झाला. कादंबरीत दोनशे वर्षांपूर्वी सूचित झालेला प्रश्न अजूनही अवघड वाटतो, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्राशी असलेला दुवा

सामान्यतः आधी वास्तू उभी राहते आणि मग तिचा ग्रंथ निघतो. ग्लॉस्टरशरमधील सेझिंकोट या वास्तूच्या बाबतीत मात्र क्रम काहीसा उलटा आहे. टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी भारतप्रवासानंतर ‘ओरिएंटल सीनरी’ (१७९५–१८०८) हा चित्रसंग्रह काढला. त्यातील वेरूळच्या लेण्यांची चित्रे जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवर आधारित आहेत. वेल्स यांनी पुण्यात सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत संपत्ती मिळवलेले सर चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांचे बंधू सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेझिंकोट भारतीय शैलीत बांधले. या कामी टॉमस डॅनियल यांचे साहाय्य घेण्यात आले. तेथील बागेतील पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांची आठवण करून देतात. पश्चिम किनाऱ्यावरील लेणी चित्रांच्या वाटेने इंग्लंडच्या ग्रामीण भागात पोहोचली, असे या उदाहरणाबाबत म्हणता येते.

नष्ट झालेल्या वास्तू आणि ग्रंथांचे मोल

१८७० च्या दशकापासून शेतीमालाच्या घसरत्या किमतींमुळे जमीनदारांचे उत्पन्न घटले. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा कर लागू झाला. पहिल्या महायुद्धात अनेक घराण्यांचे वारस मारले गेले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ताब्यात घेतलेली घरे मोडकळीस येऊन परत मिळाली. परिणामी शेकडो वास्तू पाडण्यात आल्या. काही घरे वाचवण्यासाठी नॅशनल ट्रस्टने १९३७ पासून ती मालकांकडून स्वीकारण्याची योजना राबवली. १९४६ मध्ये नोलही ट्रस्टकडे आले.

रॉय स्ट्राँग, मार्कस बिनी आणि जॉन हॅरिस यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९७४ मध्ये ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द कंट्री हाउस’ हे प्रदर्शन भरवले. एका दालनात कोसळणाऱ्या खांबांच्या मांडणीवर नष्ट घरांची छायाचित्रे लावली होती आणि त्या घरांची नावे एकामागून एक वाचून दाखवली जात होती. हजाराहून अधिक घरे नाहीशी झाल्याचे प्रेक्षकांना प्रथमच एकत्रितपणे कळले. पुढील वर्षी वारसावास्तूंच्या रक्षणासाठी ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ ही संस्था स्थापन झाली. पाडलेल्या घरांविषयी आज जी माहिती उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग मालकांच्या हौसेखातर निघालेल्या सचित्र ग्रंथांतून आणि ‘कंट्री लाइफ’च्या छायाचित्रांतून मिळतो.

काल्पनिक वास्तूंच्या मूळ रूपांचा शोध

कादंबरीतील घर खरे कोणते, हे शोधण्यासाठीही वाचक या ग्रंथांचा आधार घेतात. पी. जी. वुडहाउस यांच्या ब्लँडिंग्ज कासलचा माग काढताना अभ्यासक नॉर्मन मर्फी यांनी किल्ल्यासाठी सुडली कासल आणि परिसरासाठी वेस्टन पार्क अशी दोन स्थळे सुचवली. एकाच काल्पनिक वास्तूमागे दोन खऱ्या जागा असू शकतात, हे त्यावरून दिसते. पेंबर्ली म्हणजे चॅट्सवर्थ असे सर्रास म्हटले जाते. परंतु ऑस्टेन यांनी कादंबरीत चॅट्सवर्थचा उल्लेख स्वतंत्रपणे केला आहे. चित्रपटांमुळे हा शोध आणखी गुंतागुंतीचा झाला. ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या १९९३ च्या चित्रपटातील डार्लिंग्टन हॉल डायरम पार्क, पाउडरम कासल, कोर्शम कोर्ट आणि बॅडमिंटन हाउस या वेगवेगळ्या वास्तूंतील दृश्ये जुळवून साकारला आहे.

अभ्यासातील उपयोग

कथासाहित्याच्या अभ्यासात या ग्रंथांचा वापर करताना काही गोष्टी पाहणे आवश्यक असते. पहिली म्हणजे चित्राचा काळ. कारण कादंबरीतील काळ आणि चित्राचा काळ यांत एखादी दुरुस्ती किंवा आग होऊन गेलेली असू शकते. दुसरी म्हणजे चित्राचा प्रकार. किप यांचे विहंगम दृश्य, कॅम्पबेल यांचा आराखडा, रेप्टन यांचे प्रस्तावित दृश्य आणि लेथम यांचे छायाचित्र हे चार वेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत. तिसरी म्हणजे खर्च कोणी केला आणि चित्र कोणासाठी काढले. चौथी म्हणजे तलविन्यास. पात्रांची ये-जा, चोरून ऐकलेली संभाषणे आणि मालक व नोकर यांच्यातील अंतर समजून घेण्यासाठी दर्शनी चित्रापेक्षा आतील नकाशा अधिक उपयोगी पडतो. शेवटी, चित्रात कोण दिसत नाही याचीही नोंद घ्यावी लागते. कादंबरीची कथा पुष्कळदा त्या न दिसणाऱ्या माणसाचीच असते.